लेवीयाचा एकोणिसावा अध्याय आणि धानाची बांधी

पवित्र शास्त्र आरंभापासून अखेरपर्यंत वाचण्याचा निश्चय करणाऱ्या बहुतेकांची गाडी लेवीयाच्या पुस्तकाशी येऊन अडते. उत्पत्ती व निर्गम ही पुस्तके कथांच्या ओघात वाचून होतात. पुढे होमबली, अन्नबली, शुद्धाशुद्धतेचे नियम, कुष्ठाची लक्षणे असा प्रांत लागतो आणि वाचक हळूच पाने उलटून रूथच्या अगर दाविदाच्या गोष्टीकडे जातो. आमच्या विद्यार्थ्यांनीही तसेच केले असते. परंतु यंदा शास्त्राच्या तासाला आम्ही मुद्दाम लेवीयाचा एकोणिसावा अध्याय घेतला, आणि तोही कार्तिकात, शिवारात धानाच्या कडपा वाळत पडल्या असताना. सदतीस वचनांच्या या अध्यायात शेत आहे, मजूर आहे, माप आहे, आंधळा व बहिरा आहे, परका आहे, पिकल्या केसांचा म्हातारा आहे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात करडी येथे राहणाऱ्या माणसास यातील एकही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

आपल्या शब्बाथशाळेतील लहानात लहान मुलास जे सुवर्णवचन पाठ असते, ते म्हणजे शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती करण्याविषयीचे. मुलांना विचारावे की हे कोणी सांगितले, तर प्रभु येशूने असे उत्तर तत्काळ येते, आणि मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायाचा दाखलाही मिळतो. तेथे प्रभूने ते जुन्या करारातून उचलले आहे व त्याचे मूळ स्थान लेवीय एकोणीस, वचन अठरा हे आहे, हे मोठ्या माणसांपैकीही थोड्यांच्या लक्षात असते. तसबिरीच्या चौकटीत घालून भिंतीवर लावलेले वचन सुंदर दिसते. पण त्याच्या मागचा-पुढचा मजकूर तसबिरीत येत नाही. मागच्या ओळींत शेताचा कोपरा व मजुराचा दाम आहे, पुढे परदेशी मनुष्य व धान्याचे माप आहे. शेजाऱ्यावर प्रीती म्हणजे काय, हे त्या आजूबाजूच्या ओळींनी सांगितले आहे. त्या वगळल्या तर प्रीती म्हणजे नुसता मनातला ओलावा, आणि तो असल्याचा दाखला ज्याचा त्यानेच द्यावयाचा!

येथे एक गोष्ट ओघाने सांगावीशी वाटते. आपण तुमसर रोडहून किंवा भंडारा रोडहून ज्या लोहमार्गाने प्रवास करतो, त्याच मार्गाने नागपूरहून राजनांदगावास जात असता नारायण वामन टिळकांस गाडीत एका युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला. वाद घालण्यास ते कोणालाही भारी होते. परंतु पुस्तक वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनाशी ते येऊन पोहोचले व तेथेच खिळून राहिले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ज्या प्रवचनाने या कवीस जिंकले, ते माणसाने माणसाशी कसे वागावे याविषयीचे आहे, आणि त्यातील शपथेची व शेजारप्रीतीची चर्चा ज्या जमिनीत रुजलेली आहे ती जमीन लेवीयाच्या याच अध्यायाची होय.

वर्गात एका चलाख मुलाने आरंभीच आम्हास कोंडीत धरले. त्याच अध्यायात दोन जातींचे बी एका शेतात पेरू नये व दोन प्रकारच्या सुतांचे वस्त्र अंगावर घालू नये असेही आहे. मुलगा म्हणाला, “गुरुजी, आमच्या धुऱ्यावर तूर असते आणि बांधीत धान. शिवाय आपला गणवेश टेरीकॉटचा आहे.” वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय यात यरुशलेमेच्या सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर नियमशास्त्राचे सगळे ओझे लादू नये असे ठरविले, हे आम्ही त्यास दाखविले. पण तोच पौल रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना शेजारप्रीतीची आज्ञा शब्दशः पुढे ठेवतो, आणि याकोब तर मजुरीचा विषय पुन्हा नव्या कडकपणाने काढतो. तेव्हा सूत व बी यांचा नियम प्रेषितांनी परराष्ट्रीयांच्या माथी मारला नाही, पण माणसाच्या पोटाशी ज्याचा संबंध तो सोडला नाही. तुरीच्या धुऱ्याची चिंता मिटली, मजुरीची राहिली.

शेजारी हा शब्द आमच्या धानाच्या मुलखात फार नेमका आहे. शहरात शेजारी भिंतीपलीकडे असतो व वर्षानुवर्षे त्याच्याशी गाठ न पडताही चालते. येथे बांध्या पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या असतात, आणि तलावाचे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत जाते. माझा शेजारी तो, की ज्याचे पाणी माझ्या हातातून जाते. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी या जिल्ह्यात पाळी घालून तलाव बांधले. मालगुजारीच्या काळात ते मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपून १९५१ साली ते सरकारकडे आले, तरी लोकांच्या तोंडी ते अद्याप ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलावच आहेत. मालक बदलले, पण उतार बदलला नाही. पाऊस ओढ देतो, धान गर्भात येते, आणि रात्री कोणीतरी कुदळ घेऊन खालचे तोंड बुजवितो. सकाळी खालच्या बांधीला भेगा. ज्याने तोंड बुजविले त्याने कोणास शिवी दिलेली नसते, कोणाचे घर फोडलेले नसते. अकराव्या वचनात चोरी व कपट यांना एकत्र का गोवले आहे, हे ज्यास कळत नसेल त्याने ऑगस्टच्या उघडिपीत एकदा तलावाच्या पाळीवर बसावे.

धुऱ्याचेही तसेच. दर वर्षी धुरा छाटताना पलीकडच्या बाजूस चार बोटे कुदळ सरकते. सीमेची खूण हलवू नये ही आज्ञा अनुवादाच्या पुस्तकात आहे, आणि योगायोग असा की तोही एकोणिसावाच अध्याय.

आता मजुरीकडे वळू. तेराव्या वचनात दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या वेगवेगळ्या आहेत. पहिली, शेजाऱ्यास लुबाडू नये. दुसरी, मोलकऱ्याचे वेतन रात्रभर आपल्यापाशी सकाळपर्यंत राहू देऊ नये. दुसऱ्या आज्ञेत वेतन बुडविण्याची गोष्टच नाही, उशिराची आहे. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात कारणही दिले आहे: तो गरीब आहे व त्याचे मन त्या वेतनाकडे लागलेले असते, म्हणून सूर्य मावळण्यापूर्वी ते द्यावे. १९३६ साली या देशात वेतन अदायगीचा कायदा झाला, तेव्हा कारखान्यातील मजुरांस महिना संपल्यावर सात अगर दहा दिवसांच्या आत पैसे द्यावेत असे ठरले. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने पंधरवड्याची मुदत घातली होती. हे कायदे मजुरांच्या हिताचेच होते. परंतु मोशेच्या नियमशास्त्राची मुदत किती, तर सूर्यास्त.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. उपासनेस नेमाने येतात, अर्पणाच्या वेळी त्यांचा हात आखडत नाही, आणि त्यांच्या घरी शास्त्रवाचन रोज होते. एका श्रावणात त्यांच्या शेतात शेजारच्या गावच्या बायका गुत्त्याने रोवणीस आल्या होत्या. पऱ्हे उपटणे, पेंड्या वाहणे, दिवसभर कमरेतून वाकून चिखलात रोवणे. पायांच्या बोटांना चिखल्या होऊन रात्री झोप लागत नाही. रोवणी आटोपली. गृहस्थ म्हणाले, “बाजाराच्या दिवशी या.” बाजाराच्या दिवशी म्हणाले, “पुढल्या बाजारी.” त्या बायकांपैकी एकीचा मुलगा आमच्या वर्गात होता, त्या पंधरवड्यात त्याच्याजवळ गणिताची वही नव्हती, आणि का नाही हे त्याने दोनदा विचारल्यावर सांगितले. आम्ही त्या गृहस्थांकडे गेलो. ते म्हणाले, “मी बुडवीत थोडाच आहे? देणारच आहे.” आम्ही तेरावे वचन काढून त्यांच्यापुढे ठेवले. ते रागावले. पैसे मात्र त्या बाजारापूर्वीच पोहोचले. राग अद्याप पुरता गेलेला नाही, आणि उपासनेनंतर हस्तांदोलन करताना तो जाणवतो.

हा प्रसंग त्यांची निंदा करण्यासाठी सांगितला नाही. त्यांचे वाक्य पुष्कळांच्या तोंडी असते म्हणून सांगितला. “देणारच आहे” असे म्हणणारा मनुष्य स्वतःस प्रामाणिक समजतो, आणि लौकिक हिशेबाने तो आहेही. पण त्या पंधरा दिवसांत किराणा उधारीवर येतो, उधारीचा भाव वेगळा असतो, औषध लांबणीवर पडते. म्हणजे ज्याच्यापाशी पैसा आहे तो पंधरा दिवस ज्याच्यापाशी नाही त्याचाच पैसा वापरतो, व तोही बिनव्याजी. याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेल्या मजुरीलाच कंठ दिला आहे. कापणीवाले ओरडतात हे तर तो सांगतोच, पण त्यांच्या आधी ती मजुरी स्वतः ओरडते असे त्याचे म्हणणे आहे.

शास्त्रातील हे नियम केवळ कागदावरचे नव्हते, याचा एक हृदयस्पर्शी पुरावा १९६० साली सापडला. इस्राएल देशाच्या समुद्रकिनाऱ्याजवळ एका जुन्या गढीच्या उत्खननात मातीच्या भांड्याच्या खापरीवर शाईने लिहिलेला इब्री अर्ज मिळाला. तो ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. अर्जदार कापणी करणारा एक मजूर. अधिकाऱ्यास तो विनवितो की, मी माझ्या वाट्याची कापणी पुरी करून धान्य साठविले, तरी अमक्याने येऊन माझे वस्त्र नेले. उन्हात माझ्याबरोबर कापणी करणारे माझे सोबती साक्ष देतील. माझे वस्त्र मला परत मिळावे. गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यावे असे निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. या मजुराने त्या वचनाचा दाखला दिलेला नाही, आणि खापरीवर त्याचे नावही आढळत नाही. ज्याने वस्त्र नेले त्याचे नाव मात्र सव्वीसशे वर्षे टिकले आहे. त्याचे वस्त्र त्यास परत मिळाले की नाही हे खापरी सांगत नाही.

मापाविषयी फार लिहीत नाही, कारण तो विषय सर्वांस ठाऊक आहे. पस्तिसाव्या व छत्तिसाव्या वचनांत तराजू, वजने, एफा व हिन ही खरी असावीत असे सांगितले आहे. त्या काळी वजने दगडाची असत. यहूदा देशात शेकेलाची खूण कोरलेले लहान घडीव दगड सापडतात, एक शेकेल म्हणजे सुमारे सव्वाअकरा ग्रॅम. थैलीत घेण्याचा एक दगड व देण्याचा दुसरा ठेवू नये, हे अनुवादात बजाविले आहे. आमच्याकडे १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली; तरी जुन्या माणसांच्या बोलण्यात पायली, कुडव, खंडी राहिलेच. आता विजेचे काटे आहेत. काटा बिनचूक असतो, पण पोत्यामागे ‘तुटी’ म्हणून अधिक किती धरावयाचे हे काटा ठरवीत नाही, माणूस ठरवितो. आणि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: धान सतरा टक्क्यांहून ओले असता ते कोरडे म्हणून पोत्यात भरणारा शेतकरीही हाच अध्याय मोडतो. पंधराव्या वचनात गरिबाचा पक्ष घेऊ नये व थोराचे तोंड राखू नये, असे दोन्ही एकदम सांगितले आहे. हा समतोल आमच्या व्याख्यात्या मंडळींस सहसा साधत नाही.

बहिऱ्यास शाप देऊ नये व आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये, या चौदाव्या वचनाकडे आम्ही विद्यार्थ्यांचे विशेष लक्ष वेधले. गावात ज्यास वाचता येत नाही तो कागदापुढे आंधळाच असतो. तो तुमच्याकडे पासबुक, सातबारा, नोटीस किंवा दूरध्वनीवर आलेला संदेश घेऊन येतो व म्हणतो, “बाबू, वाचून दे.” तुम्ही नववीत आहात, तुमची घाई असते. अर्धे वाचून “काही नाही, ठीक आहे” असे म्हणून कागद परत केला, तर त्याच्या वाटेत दगड ठेवला तुम्हीच. अंगठा कोठे व कशासाठी उमटवावयाचा हे त्यास तुमच्याशिवाय कोण सांगणार?

या अध्यायातील आम्हास सर्वांत प्रिय असलेला भाग नववे व दहावे वचन हा आहे. कापणी करताना शेताचा कोपरान् कोपरा कापू नये, पडलेला सरवा वेचू नये. गरीब व परका यांच्यासाठी तो राहू द्यावा. सरवा हा शब्द मराठी शास्त्रातलाही आहे व आमच्या शिवारातलाही, त्यामुळे रूथ बवाजाच्या शेतात काय करीत होती हे येथील मुलांना चित्रावाचून दिसते. तिने दिवसभर वेचून झोडले तेव्हा सुमारे एक एफा, म्हणजे अदमासे बावीस लिटर सातू भरला. बवाजाने आपल्या गड्यांस सांगून पेंढ्यांतून मुद्दाम लोंब्या गाळविल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढ्या मोठ्या मापाचे नवल वाटत नाही.

कोपरा किती मोठा असावा हे मोशेने सांगितले नाही. पुढे यहूदी शास्त्र्यांनी मिश्ना या ग्रंथात यावर एक स्वतंत्र प्रकरणच रचले. कोपऱ्यास मूलतः मर्यादा नाही, तथापि तो साठाव्या भागाहून कमी नसावा, असा त्यांचा निर्णय आहे. एके ठिकाणी दोन लोंब्या पडल्या तर त्या गरिबाच्या, तीन पडल्या तर मालकाच्या, येथपर्यंत त्यांनी विचार केला. मुलांना हे वाचून हसू आले. पण ज्या लोकांनी गरिबाच्या लोंब्या मोजल्या त्यांच्यापुढे, ज्यांनी कधीच मोजल्या नाहीत त्यांनी हसू नये. फळ्यावर आम्ही हिशेब केला. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याचा साठावा भाग ७२६ चौरस फूट, म्हणजे सुमारे सत्तावीस फूट लांब व तितकाच रुंद तुकडा. शेतीवाल्या घरची मुले एकमेकांकडे पाहू लागली. एका मुलीने विचारले, “तेवढे धान भरून दान दिले तर चालेल का?”

प्रश्न उत्तम होता, आणि आमचे उत्तर असे की ती गोष्ट चांगली, पण ती वेगळी. दान देणारा उभा असतो व घेणारा वाकलेला असतो. कोणास द्यावे, किती द्यावे, कोणत्या शब्दांत द्यावे हे देणारा ठरवितो, आणि घेणारास आभार मानावे लागतात. कोपऱ्याचे तसे नाही. तो मालकाने कापावयाचाच नाही. गरीब आपल्या विळ्याने येऊन कापील, आपल्या डोक्यावरून नेईल. त्यात त्याचे श्रम आहेत व त्याचा मानही आहे. मालकाने फक्त हात आवरावयाचा आहे. आपल्या मंडळीत दुष्काळी फंड, दिवाळीचे कपडे, नाताळची मिठाई हे सर्व होते व व्हावे. परंतु हात आवरण्याचे शिक्षण त्यातून मिळत नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

या बाबतीत पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांपुढे येते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात आल्या (आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता) आणि दुष्काळग्रस्त छावण्यांतून शेकडो निराधार मुलींना व विधवांना घेऊन गेल्या. केडगावास त्यांनी या स्त्रियांस केवळ अन्न घातले नाही. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्यांच्या हाती दिली. रमाबाईंनी मूळ इब्री व ग्रीक भाषांतून साध्या मराठीत शास्त्राचे भाषांतर केले, ते केडगावच्याच छापखान्यात जुळले व छापले गेले. १९२२ साली रमाबाई वारल्या आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्यांना जगाने सरव्यासारखे मागे टाकले होते, त्यांच्याच बोटांनी शास्त्राचे खिळे जुळविले. हे त्यांच्या हातून कसे झाले, याचे मूळ पुन्हा याच अध्यायात दिसते. परक्यावर प्रीती का करावी, तर तुम्हीही मिसर देशात परके होता म्हणून, असे चौतिसावे वचन सांगते. रमाबाईंनी लहान वयात दुष्काळातच आईवडील व बहीण गमावली होती, अनवाणी उपाशी देश तुडविला होता. छावणीतल्या मुलीकडे पाहताना त्यांना आठवण करून देण्यास कोणी लागले नाही.

आता राहिली आमच्या वर्गातील शेवटची शंका. पूर्वी विळ्याने कापणी होई, कडपा पडत, भारे बांधून पुंजणे रचले जाई व मागे लोंब्या राहत. आता पुष्कळ शेतांत हार्वेस्टर येतो. उभे धान एका बाजूने आत जाते व दाणे दुसऱ्या बाजूने बाहेर येतात. जे सांडते ते सुटे दाणे असतात, चिखलात व तणसाखाली. वेचणारीच्या पदरात काही पडत नाही. मग मोशेची आज्ञा यंत्राने रद्द केली काय, असे एका मुलाने विचारले. त्यास उत्तर देण्याची वेळ आमच्यावर आलीच नाही. ज्याच्या घरी गेल्या वर्षी यंत्र आले होते असा दुसरा मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, हार्वेस्टरला बांधीच्या कोपऱ्यात वळताच येत नाही. कोपरे तसेच उभे राहतात. मग बाबा मला विळा देऊन पाठवतात.”